नागपट्टिनम : एका बंदराचा आणि तेथील विहाराचा इतिहास

भारतातून बौद्ध धम्म केव्हा लोप पावला, असा प्रश्न कोणी विचारल्यास साधारणतः दोन उत्तरे मिळतात. एक, आठव्या-नवव्या शतकात, शंकराचार्यांच्या काळात. आणि दुसरे, बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदा व विक्रमशिला येथील महाविहारांचा विध्वंस झाला तेव्हा. ही दोन्ही उत्तरे पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनावर अशी काही बिंबवली आहेत की, त्यांच्या पलीकडे जाऊन विचार करण्याची आवश्यकताच आपणास वाटेनाशी झाली आहे. वस्तुतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे एक लहानसे शहर आहे, जेथे नालंदेच्या विध्वंसानंतरही तीनचार शतके बुद्धमूर्ती घडत होत्या, परदेशचे भिक्खू वंदनेसाठी येत होते, आणि जेथील विहारपरिसरातील अखेरचा मनोरा १८६७ साली, म्हणजे महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापण्यापूर्वी अवघी सहा वर्षे, सरकारी परवानगीने पाडण्यात आला. ते शहर म्हणजे नागपट्टिनम होय. त्याच्या इतिहासाचा परिचय वाचकांस करून द्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख आम्ही लिहीत आहोत.

कावेरी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी पसरते आणि तंजावूरच्या पूर्वेकडील प्रदेश भातशेतीने हिरवागार करून सोडते. या त्रिभुज प्रदेशाच्या काठावर, कडुवैयार नदीच्या मुखाशी, बंगालच्या उपसागराकडे तोंड करून नागपट्टिनम वसले आहे. येथे डोंगर नाही, खडक नाही. सपाट वाळूचा किनारा आणि पाठीशी अन्नधान्याचे कोठार. श्रीलंका समोरच आहे, आणि अनुकूल वारा मिळाला तर शिडाचे जहाज येथून निघून मलाया द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागते. या शहराच्या उदयाचे कारण या दोन गोष्टींत आहे: पाठीमागचे भात आणि पुढचा समुद्र.

‘पट्टिनम’ म्हणजे बंदराचे नगर. आपल्याकडील ‘पट्टण’ शब्दाचेच ते भावंड. ‘नाग’ या शब्दाने मात्र आपल्या वाचकांचे कुतूहल जागे झाल्याशिवाय राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी नागलोकांचा व बौद्ध धम्माच्या प्रसाराचा संबंध आवर्जून सांगितला होता. तथापि केवळ गावाच्या नावावरून तेथील मूळ वस्ती ठरविणे हे संशोधनाच्या दृष्टीने सुरक्षित नव्हे, असे आमचे नम्र मत आहे. नागपट्टिनमला आपले बौद्धत्व सिद्ध करण्यासाठी नावाचा आधार घेण्याची गरजही नाही. त्याच्यापाशी याहून भक्कम पुरावा आहे.

या शहराची स्थापना अमुक राजाने अमुक वर्षी केली, असे सांगता येत नाही. बंदरे सहसा तशी स्थापन होत नाहीत, ती हळूहळू वसतात. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने या किनाऱ्यावरील ‘निकम’ नामक नगराचा उल्लेख केला आहे आणि अनेक विद्वान ते नागपट्टिनमच होय असे मानतात. निःसंदिग्ध असा बौद्ध पुरावा पाली वाङ्मयात मिळतो. ‘नेत्तिपकरण’ या ग्रंथावर आचार्य धम्मपाल यांची अट्ठकथा आहे. तिच्या समाप्तीच्या गाथांत आचार्य सांगतात की, नाग हे नाव धारण करणाऱ्या पट्टनातील, धम्मासोक महाराजांच्या नावाच्या विहारात राहून आपण ही रचना केली. सद्धम्मात उतरण्याचे स्थान असे त्या पट्टनाचे वर्णन त्यांनी केले आहे. बंदरावर राहणाऱ्या माणसालाच अशी उपमा सुचावी! जहाजात बसण्यासाठी जशी पाण्यात उतरण्याची जागा असते, तशी ही धम्मात उतरण्याची जागा. आचार्य धम्मपालांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु थेरवाद परंपरेत आचार्य बुद्धघोषांनंतर ज्यांचे नाव घेतले जाते, अशा भाष्यकाराचे कार्य या शहरात झाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जवळच उत्तरेस असलेल्या कावेरीपट्टनात आचार्य बुद्धदत्तांनी ग्रंथरचना केली. ‘मणिमेकलै’ हे तमिळ बौद्ध महाकाव्यही याच किनाऱ्याच्या जीवनातून निर्माण झाले. तमिळ भूमी ही पालीच्या अध्ययनाची एक मोठी भूमी होती, ही गोष्ट महाराष्ट्रातील आपल्या अभ्यासवर्गांत फारच क्वचित सांगितली जाते.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी भिक्खू इत्सिंग याने भारतयात्रेस आलेल्या भिक्खूंची चरित्रे लिहिली. त्यांत वूशिंग नावाच्या भिक्खूचा प्रवास दिलेला आहे. मलाया द्वीपकल्पावरील केदाहहून तो तीस दिवसांनी नागपट्टिनमला पोहोचला आणि तेथून दोन दिवसांत सिंहलद्वीपास गेला. याच शतकात अप्पर व संबंदर या शैव संतांनी नागपट्टिनमच्या शिवमंदिराची स्तुतिपदे रचली. म्हणजे विहार आणि शिवमंदिर एकाच गावात नांदत होते; पण त्यांचे संबंध नेहमीच सलोख्याचे होते असे मात्र समजू नये. तिरुमंगै आळ्वार या वैष्णव संताने नागपट्टिनमच्या विहारातील सोन्याची बुद्धमूर्ती पळवून नेली आणि ते सोने श्रीरंगमच्या मंदिराच्या बांधकामास लावले, अशी कथा वैष्णवांच्या गुरुपरंपरेच्या ग्रंथांतच अभिमानाने सांगितली आहे. कथा खरी असो वा नसो, सांगणाऱ्यांना ती लपविण्यासारखी वाटली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अकराव्या शतकाच्या आरंभी या शहराच्या वैभवाचा कळस झाला, आणि त्याचा वृत्तांत आपणास ताम्रपटांतून तपशीलवार मिळतो. चोळ सम्राट राजराज पहिला याच्या एकविसाव्या राज्यवर्षी, म्हणजे इ. स. १००५-०६ च्या सुमारास, आनैमंगलम हे गाव नागपट्टिनमच्या विहारास दान देण्यात आले. हा विहार बांधणारा राजा चोळ नव्हता, भारतीयही नव्हता. श्रीविजय व कटाह, ज्याला तमिळमध्ये ‘कडारम’ म्हणतात, या समुद्रापलीकडील राज्याचा शैलेंद्रवंशीय अधिपती श्रीमारविजयोत्तुंगवर्मन याने आपल्या पित्याच्या नावे ‘चूळामणिवर्म विहार’ उभारला होता. विहाराची उंची अशी की तिच्यापुढे कनकगिरी मेरूही थिटा पडावा, असे ताम्रपटातील संस्कृत कवी म्हणतो. राजराजाने मौखिक आज्ञा दिली. त्याचा पुत्र राजेंद्र याने ती ताम्रपटावर कोरवून कायम केली. एकवीस पत्रे, त्यांतील पाच संस्कृतात व सोळा तमिळमध्ये, एका कडीत ओवून तिच्यावर राजमुद्रा उठविलेली. पुढे डच राजवटीत हे पट हॉलंडला गेले आणि एकोणिसाव्या शतकात लायडन विद्यापीठाकडे आले. म्हणून इतिहासात ते ‘लायडन ताम्रपट’ याच नावाने प्रसिद्ध आहेत.

संस्कृत भाग हा प्रशस्तीचा आहे. तमिळ भाग हा महसुलाचा. आमच्या मते अधिक बोलका तोच आहे. गावाच्या सीमा ठरविण्यासाठी अधिकारी व शेजारच्या गावांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि हत्तीण बरोबर घेऊन त्यांनी सीमेवरून फेरी घातली. हत्तीण ज्या वाटेने गेली ती हद्द. जमीन सुमारे ९७ वेलि भरली. आजच्या वेलीच्या मापाने हिशेब केल्यास ती साडेसहाशे एकरांच्या घरात जाते. तिच्यापासून येणारे भात ८,९०० कलमांहून अधिक. कलमाच्या खाली असलेल्या लहानात लहान मापापर्यंत नोंद केलेली आहे. एवढे धान्य प्रतिवर्षी विहाराकडे जाऊ लागले.

शैव राजाने बौद्ध विहारास गाव का द्यावे? आपल्याकडील काही लेखक यात ‘सर्वधर्मसमभाव’ पाहतात आणि भारावून जातात. आम्हांस तसे वाटत नाही. त्याच काळात श्रीविजयाच्या राजाच्या प्रतिनिधींनी नागपट्टिनमच्या कायारोहण शिवमंदिरासही देणग्या दिल्याचे शिलालेख आहेत, आणि त्यांत चिनी सोन्याचा उल्लेख आहे. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या देवास भेट द्यावी आणि यजमानाने पाहुण्याच्या विहारास, असा हा व्यवहार होता. चीनकडे जाणारी सागरी वाट श्रीविजयाच्या ताब्यात होती. कापूर, चंदन, मसाले, रेशीम, चिनी भांडी या मालाची उलाढाल त्या वाटेने होई. तंजावूरच्या राजाला ती वाट हवी होती. हा स्नेह किती टिकला तेही पाहावे: इ. स. १०२५ च्या सुमारास त्याच राजेंद्राने आरमार पाठवून श्रीविजय व कडारमवर स्वारी केली. विहाराचे दान मात्र त्याने परत घेतले नाही. १०९० साली कुलोत्तुंग पहिला याने कडारमच्या राजदूतांच्या विनंतीवरून विहाराच्या गावांस करमाफी दिल्याचा दुसरा, तीन पत्र्यांचा, ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात ‘राजराजपेरुम्पळ्ळि’ व ‘राजेंद्रचोळपेरुम्पळ्ळि’ अशी विहारांची नावे येतात. ‘पळ्ळि’ म्हणजे बौद्ध वा जैन विहार. तमिळमध्ये आजही शाळेस ‘पळ्ळिक्कूडम’ म्हणतात. विहार गेले, शब्द शाळेच्या रूपाने उरला. आणि उरायचेच असेल तर याहून चांगले रूप कोणते?

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हे हजारो कलम भात पिकवीत होते कोण? राजराजाच्याच काळातील तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरावरील शिलालेखांत गावोगावच्या जमिनींची नोंद आहे. करातून वगळलेल्या जागांमध्ये देवळे, तळी, कालवे, स्मशाने यांच्या बरोबरीने ‘परैच्चेरि’, म्हणजे परैयर लोकांची वस्ती, स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. गावापासून वेगळी वस्ती तेव्हाच रूढ झालेली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर महारवाडा तेथेही होता, आणि तो राजाच्या दप्तरात नोंदलेला होता. विहाराने या व्यवस्थेत काही बदल केला, असे दर्शविणारे एकही वाक्य ताम्रपटांत नाही. गाव विहाराकडे गेले ते कुळांसह आणि करांसह. आपल्या पूर्वजांच्या वैभवाचे वर्णन करताना ही उणीव झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तरीही नागपट्टिनमचा धम्म केवळ राजांचा व दूतांचा होता असेही नव्हे. १८५६ साली येथे एक मोठे मोहाचे झाड काढताना जमिनीखाली बुद्धमूर्ती सापडल्या. त्यानंतर १९३० च्या दशकापर्यंत वेळोवेळी मिळून सुमारे ३५० बौद्ध मूर्ती या शहरात सापडल्या. मद्रासच्या शासकीय संग्रहालयासाठी टी. एन. रामचंद्रन यांनी त्यांचा विस्तृत अभ्यास करून १९५४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. नवव्या शतकापासून सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंतचा काळ त्यांनी या मूर्तींना दिला आहे. बहुतेक मूर्ती लहान आहेत. वीतभर उंचीच्या, कोणाही गृहस्थास घडवून घेता याव्यात अशा. उभा बुद्ध, अभयमुद्रा, मस्तकावर ज्वालेसारखी उष्णीषशिखा, ही त्यांची ओळख. काहींच्या पीठांवर तमिळ अक्षरे आहेत. एका मूर्तीवरील लेख विशेष महत्त्वाचा आहे. ‘अक्कसालै’ म्हणजे सोनारांच्या नावाने राजेंद्रचोळपेरुम्पळ्ळित एक विहार होता, आणि त्या विहाराच्या उत्सवात मिरविण्यासाठी ही मूर्ती करविलेली होती. लेखात बुद्धास ‘आळ्वार’ म्हटले आहे. कारागिरांनी आपल्या कष्टाच्या धनातून विहार चालवावा, बुद्धाची मिरवणूक काढावी आणि त्यास आपल्या घरच्या भाषेतील आदराच्या नावाने हाक मारावी, हे चित्र आम्हांस मेरूहून उंच विहाराच्या वर्णनापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

परंतु याच चित्रात पुढील ऱ्हासाचे एक कारणही दडलेले असावे. आळ्वार हे नाव, उत्सवमूर्ती, मिरवणूक ही सारी शेजारच्या मंदिरांचीच रीत. उपासक आणि शेजारचा शैव वा वैष्णव भक्त यांत फरक उरला तो मूर्तीपुरता. उपासकाने अमुक सोडले आणि अमुक स्वीकारले, असा सीमारेषेचा क्षण त्याच्या जीवनात नव्हता. बाबासाहेबांनी १९५६ साली गृहस्थांना दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञांचा आग्रह का धरला, याचे उत्तर नागपट्टिनमच्या इतिहासात शोधता येते.

तेराव्या शतकात चोळांची सत्ता संपली. बंदर मात्र चालू राहिले. चौदाव्या शतकातील चिनी प्रवासी वांग दायुआन याने येथील सपाट भूमीवर उभ्या असलेल्या मातीविटांच्या मनोऱ्याचे वर्णन केले आहे. त्यावर चिनी अक्षरांत तो १२६७ साली पूर्ण झाल्याची नोंद होती, असे तो लिहितो. त्यानंतर दोनशे वर्षांनी पेगूचा, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, राजा धम्मचेती याने भिक्खूंना सिंहलद्वीपास उपसंपदेसाठी पाठविले. परतताना त्यांतील काहींचे जहाज फुटले. ते पायी चालत नागपट्टिनमला आले. १४७६ च्या कल्याणी शिलालेखात म्हटले आहे की, तेथे त्यांनी पदरिकाराम विहाराचे स्थान पाहिले आणि चीनच्या राजाच्या इच्छेने बांधलेल्या लेण्यातील बुद्धप्रतिमेस वंदन केले. दंतकुमार व हेममाला यांनी बुद्धाचा दंतधातू सिंहलद्वीपास नेताना जेथे ठेवला होता, तेच ते स्थान अशी त्यांची श्रद्धा होती. जहाज फुटलेल्या, थकलेल्या त्या भिक्खूंना परक्या किनाऱ्यावर वंदनेस बुद्धप्रतिमा मिळाली! मात्र शिलालेखाची भाषा बारकाईने पाहावी. त्यांनी विहाराचे ‘स्थान’ पाहिले. विहारात राहून गेले, असे लेख म्हणत नाही.

हा ऱ्हास कोणत्याही स्वारीमुळे झालेला नाही. उत्तर भारतातील महाविहारांविषयी बाबासाहेबांनी जी मीमांसा केली, तीत भिक्खूंच्या कत्तलीमुळे धम्मज्ञान देणारा वर्गच नाहीसा झाला हा मुख्य मुद्दा आहे. नागपट्टिनमला तसे घडल्याचा पुरावा नाही. येथे पाहुणे येईनासे झाले. पंधराव्या शतकात मलाया व सुमात्राच्या किनाऱ्यावरील राज्ये इस्लामकडे वळली, आणि चीनची जहाजेही या पाण्यात येईनाशी झाली. ज्यांच्या देणग्यांवर पेरुम्पळ्ळि उभ्या होत्या, त्यांचा ओघ आटला. सोनारांनी व इतर उपासकांनी आणखी शतकभर लहान मूर्ती घडविल्या आणि कधीतरी त्या जमिनीत पुरून ठेवल्या.

पुढील तीन शतकांचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाऊ. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीज व्यापारी येथे स्थिरावले. १६५८ साली डचांनी त्यांना हुसकावले आणि १६९० मध्ये कोरोमांडल किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे पुलिकतहून येथे आणले. दरम्यान तंजावूरवर मराठ्यांचे राज्य आले होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या अखेरीस डचांचे नागपट्टिनमवरील हक्क मान्य केले; तमिळमधील तो करार चांदीच्या पत्र्यावर कोरलेला होता. शहराच्या उत्तरेस नागूर येथे सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. त्याचा १३१ फूट उंचीचा मनोरा तंजावूरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी बांधविला. १७८१ साली इंग्रजांनी डचांकडून शहर जिंकले, आणि १७९९ पासून १८४५ पर्यंत ते तंजावूर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते.

या सर्व काळात तो जुना मनोरा किनाऱ्यावर उभाच होता. खलाशी त्यास ‘चिनी पॅगोडा’ म्हणत आणि दुरून येताना त्याच्या खुणेने बंदर ओळखत. स्थानिक लोक त्यास ‘पुदुवेळि गोपुरम’ म्हणत. वांग दायुआनने वर्णिलेला मनोरा हाच, असे अनेक विद्वानांचे मत आहे. १८४६ साली सर वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने तो पाहिला. चौकोनी, तीन मजली, चुन्याविना घट्ट बसविलेल्या विटांचा, प्रत्येक बाजूस मध्यभागी दारासारखी पोकळी, वरून उघडा. त्याने त्याचे चित्र जतन केले, आणि १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध केले. तो मनोरा कसा होता हे आज आपणास कळते ते मुख्यतः या लेखामुळे व चित्रामुळे.

मधल्या काळात जे घडले ते असे. येशूसंघाच्या पाद्र्यांना महाविद्यालयासाठी येथे जागा मिळाली होती, आणि मनोरा त्या जागेत येत होता. १८५९ साली त्यांनी तो पाडून त्याच्या विटा बांधकामास वापरण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. आठ वर्षांनी, १८६७ मध्ये, मनोरा धोकादायक झाला आहे असे कारण देऊन पुन्हा मागणी झाली, आणि ती मंजूर झाली. भारताचे पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ साली कनिंगहॅम यांच्या हाती सुरू झाले होते. ते १८६६ मध्ये खर्चाच्या कारणास्तव बंद करण्यात आले, आणि १८७१ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे नेमक्या ज्या वर्षी मनोऱ्याच्या बाजूने बोलण्यासाठी कोणी तज्ज्ञ हवा होता, त्या वर्षी ते खातेच अस्तित्वात नव्हते. ज्या महाविद्यालयासाठी हे झाले तेही १८८३ मध्ये तिरुचिरापल्लीस हलविण्यात आले.

आम्ही येथे पाद्र्यांवर सारा दोष टाकू इच्छित नाही. नागपट्टिनमची नगरपालिका १८६६ साली स्थापन झालेली होती; शहरात व्यापारी होते, जमीनदार होते. पण हा मनोरा आपला आहे, असे म्हणणारा समाजच तेथे उरलेला नव्हता. तसा समाज तमिळ भूमीत पुन्हा बोलू लागला तो एकतीस वर्षांनी. १८९८ मध्ये पंडित अयोत्तिदास यांनी श्रीलंकेत धम्मदीक्षा घेतली, मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, आणि परैयर हे मूळचे बौद्ध होते, धम्म न सोडल्याबद्दलच त्यांना गावाबाहेर टाकण्यात आले, असे आपल्या लेखनातून आग्रहाने मांडले. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याच्याशी याचे साम्य वाचकांच्या ध्यानी येईलच. राजराजाच्या शिलालेखांतील परैच्चेरि आणि नागपट्टिनमचा विहार एकाच काळातील आहेत, हे मात्र या सिद्धान्ताच्या अभ्यासकांनी लक्षात घेतले पाहिजे. प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

इंग्रजी अमलात बंदराला पुन्हा काम मिळाले. १८६० च्या दशकाच्या आरंभी तिरुचिरापल्लीपर्यंत लोहमार्ग झाला. त्या गाड्यांतून भात आले, तसेच मजूरही आले. मलायातील ऊस, कॉफी आणि पुढे रबराच्या मळ्यांसाठी तमिळ मजूर ज्या बंदरांतून जात, त्यांत नागपट्टिनम प्रमुख होते. त्यांत अस्पृश्य जातींचे भूमिहीन शेतमजूर फार मोठ्या प्रमाणावर होते. आगबोटी त्यांना पेनांगला उतरवीत, आणि पेनांगच्या समोरचा किनारा म्हणजे केदाह, जुने कडारम. ज्या वाटेने कडारमच्या राजाचे दूत विहारासाठी धन घेऊन आले होते, त्याच वाटेने परैच्चेरितील माणसे कंगाणी मुकादमांच्या मागे कर्ज डोक्यावर घेऊन गेली.

जे मागे राहिले त्यांचे काय झाले? शहरापासून फार दूर नसलेल्या कीळवेण्मणि या खेड्यात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. एका झोपडीत आश्रयासाठी शिरलेली ४४ माणसे, बहुतेक स्त्रिया व मुले, जाळून मारण्यात आली. खालच्या न्यायालयाने जमीनदारांस शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मोटारी बाळगणारे श्रीमंत जमीनदार स्वतः चालत जाऊन आग लावतील हे संभवनीय नाही, असा विचार त्या निकालात आला आहे. पंचवीस डिसेंबर ही तारीख आपण महाराष्ट्रात १९२७ च्या महाडच्या मनुस्मृतिदहनासाठी पाळतो. कावेरीच्या खोऱ्यात ती कीळवेण्मणिसाठी पाळली जाते. दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या तारखेची पुरेशी माहिती नाही.

१९९१ साली तंजावूर जिल्ह्याचे विभाजन होऊन नागपट्टिनम स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाखाच्या किंचित वर भरली. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीच्या लाटांनी येथे जो संहार केला तो सर्वश्रुत आहे. तमिळनाडूतील सुमारे आठ हजार बळींपैकी सहा हजारांवर एकट्या या जिल्ह्यातील होते. मच्छीमारांच्या अक्करैपेट्टै व कीचांकुप्पम या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. मदतछावण्यांत पाणी व अन्न घेताना दलितांना वेगळे ठेवण्यात आल्याच्या नोंदी त्या वेळच्या पाहणी अहवालांत आहेत. लाटेने जात पाहिली नव्हती, छावणीने पाहिली. २०१८ च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळाने पुन्हा याच किनाऱ्यास तडाखा दिला.

नागपट्टिनमच्या मूर्ती आज पाहावयाच्या तर चेन्नईच्या एळुंबूर भागातील शासकीय संग्रहालयात जावे लागते. धम्मसहलीस दक्षिणेकडे निघणाऱ्या आमच्या बांधवांनी तेथे थांबावे आणि शक्य असल्यास पुढे तंजावूरवरून नागपट्टिनमलाही जावे. वेळिप्पाळैयमच्या बाजूस, जेथे मनोरा होता, तेथे पाहण्यासारखे काही नाही. पण समुद्र आहे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिनमहून उत्तर श्रीलंकेतील कांकेसंतुरै बंदरास जाणारी प्रवासी नौका सुरू करण्यात आली. वूशिंगला जे अंतर कापण्यास दोन दिवस लागले होते, ते तिने काही तासांत पार केले.